सर हॅरॉल्ड रिडली : परक्या भिंगाला डोळ्यात घर देणारे नेत्रविशारद

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मोतीबिंदू काढलेली वृद्ध मंडळी पूर्वी जाड भिंगाच्या चष्म्यावरून ओळखू येत. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी व कडेला वेडीवाकडी दिसे. उताराच्या पाऊलवाटेवर पाय कोठे पडेल याचा भरवसा नसे. हा चष्मा उतरविण्याचे श्रेय ज्यांना जाते, ते सर हॅरॉल्ड रिडली १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात जन्मले.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. छत ॲक्रिलिक प्लास्टिकचे होते. डोळ्यात परकी वस्तू शिरली की शरीरातील भक्षक पेशी तिच्यावर तुटून पडतात. ती गिळता आली नाही, तर अनेक पेशी एकत्र येऊन महाकाय पेशी बनतात व डोळा सुजून लाल होतो. हे तुकडे मात्र, टोकदार कड बोचत नसेल तर, वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहत. रिडली यांनी हे नेमके हेरले. मोतीबिंदू काढल्यावर त्या जागी दुसरे भिंग का बसवीत नाहीत, असे एका विद्यार्थ्याने विचारले आणि विचाराला चालना मिळाली.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिले भिंग बसविले. चष्म्याचा अंक साफ चुकला, पण डोळ्याने भिंग स्वीकारले. ही गोष्ट त्यांनी १९५१ पर्यंत गुप्त ठेवली. जाहीर होताच सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या मातब्बरांनी कडाडून विरोध केला. डोळ्यातून वस्तू बाहेर काढावयाची की आत घालावयाची, हा त्यांचा सवाल अगदीच गैर नव्हता. काही भिंगे सरकली, काही डोळे सुजले, काही भिंगे काढावी लागली. रिडली यांनी अवहेलना मुकाट्याने सोसली व १९७१ मध्ये रुग्णालयातून निवृत्ती पत्करली.

पुढील अभ्यासातून कळले की पेशी शांत असतात, निष्क्रिय नव्हे. भिंगावर प्रथिनांचे पातळ अस्तर चढते. त्यावर काही भक्षक पेशी येऊन बसतात व सहसा कालांतराने ओसरतात. शस्त्रक्रियेत मागे उरलेल्या नैसर्गिक भिंगाच्या पेशी मात्र वाढत मागील पडद्यावर सरकतात आणि दृष्टी पुन्हा अंधुक होते. चौकोनी कडेच्या भिंगाने त्यांची वाट बरीच अडते. तरीही पडदा धुरकटला, तर लेझरने त्यात झरोका पाडतात.

भारतात मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनविली, तेव्हा ती गरिबांच्या आवाक्यात आली. रिडली यांना १९८६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००० मध्ये 'सर' हा किताब मिळाला. २५ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी, उतारवयात, त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत त्याच सेंट थॉमस रुग्णालयात भिंगे बसविण्यात आली होती.