दादासाहेब फाळके : कालियाचा शिल्पकार

धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वमान्य झालेले आहे. त्यांच्या चरित्राची मांडणी बहुधा १९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाभोवती केली जाते. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म समजून घ्यावयाचे तर सहा वर्षांनंतरच्या ‘कालिया मर्दन’कडे वळावे लागते. त्यातील महासर्प घडविताना त्यांनी आयुष्यभर आत्मसात केलेल्या निरनिराळ्या विद्या एकाच ठिकाणी कामास लावलेल्या दिसतात.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पुराणकथांचा संस्कार घरातूनच लाभलेल्या धुंडिराजांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, प्रतिकृतिकाम व छायाचित्रण यांचे शिक्षण पूर्ण केले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. परंतु १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची प्रथम पत्नी व अपत्य हिरावून नेले. त्यानंतर एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीची विद्या शिकून त्यांनी आपल्या आडनावातील अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले. काही काळ त्यांनी पुराणवस्तुसंशोधन खात्यात आरेखकाची नोकरी केली. मग ती सोडून ते मुद्रणव्यवसायात शिरले. राजा रविवर्म्याच्या देवदेवतांच्या शिळाछापांशी त्यांचा निकट परिचय होता. १९०९ मध्ये रंगीत मुद्रणाची यंत्रे पाहण्यासाठी त्यांनी जर्मनीचा प्रवासही केला.

वरवर पाहता हा व्यवसायांचा अस्थिर क्रम भासतो. परंतु देव कसा दिसावा हे शिळाछापांनी शिकविले, नसलेली वस्तू कशी घडवावी हे प्रतिकृतिकामाने शिकविले आणि प्रेक्षकाच्या नजरेपासून काय लपवावे हे जादूने शिकविले. १९११ मध्ये मुंबईच्या एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, तेव्हा या तिन्ही विद्यांना एक क्षेत्र सापडले. १९१२ च्या प्रारंभी त्यांनी लंडन गाठले, चित्रपटनिर्मितीचे तंत्र जाणून घेतले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी केला. या साहसासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून निर्मितीमंडळींच्या जेवणखाणापर्यंत साऱ्या कामांत राबल्या.

पुढे नाशिक हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. ‘लंका दहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. मारुतीचे उड्डाण आणि पेटलेली लंका पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) मध्ये भयग्रस्त कंसाला आपले मस्तक धडावेगळे झालेले दिसते. कॅमेरा थांबवून दृश्यातील वस्तू बदलणे, एकाच फिल्मवर पुन्हा चित्रण करणे, लहान प्रतिकृती भव्य भासविणे या युक्तींवर अशा दृश्यांची मदार होती.

‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. चित्रपटाच्या आरंभी तिच्या मुद्रेवरील भाव एकामागून एक दाखवून ही एक मुलगी आहे, याची जाणीव फाळके प्रेक्षकास आधीच देतात. नंतर तीच मुलगी यमुनेत उडी घेते आणि कालियाशी झुंजते. सर्प बनविलेला आहे हे उघड दिसते. तरीही त्याच्या विळख्यातले बालक पाहताना जीव टांगणीला लागतो. कृत्रिमता न लपविताही श्रद्धा जागविण्याचे सामर्थ्य येथे आढळते. त्याचे मूळ कीर्तन, चित्रकथी आणि दशावतारी मुखवटे यांच्या परंपरेत शोधावे लागेल, कारण सोंग हे सोंग आहे हे ठाऊक असूनच तेथील श्रोता नमस्कार करीत असे.

१९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाल्याने फाळके काही काळ काशीस जाऊन राहिले. परतल्यावरही त्यांनी अनेक मूकपट काढले; परंतु बोलपटाच्या आगमनाने त्यांचे युग मावळले. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, विपन्नावस्थेत आणि बव्हंशी विस्मृतीत, त्यांचे निधन झाले.

अशा निर्मात्यांच्या वस्तूंचे भाग्य देशोदेशी सारखे नव्हते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस याने १९२३ मध्ये निराशेच्या भरात आपल्या फिल्म स्वतःच जाळल्या. अमेरिकेत फॉरेस्ट ॲकरमन (१९१६–२००८) याने भयपटांतील मुखवटे व प्राण्यांच्या प्रतिकृती आपल्या घरी जमवून जिज्ञासूंना पाहण्यास खुल्या ठेवल्या. मराठी चित्रपटसृष्टीत मात्र चित्रण संपले की लाकूड, कापड व कागदाच्या लगद्याची वस्तू निरुपयोगी मानली जाई. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यानंतर पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून फिल्मचे तुकडे मिळविले. फाळके यांनी स्वहस्ते लिहिलेल्या टिपणवहीच्या आधारे ‘कालिया मर्दन’मधील दृश्यांचा क्रम लावता आला. ज्या सर्पासाठी इतके श्रम वेचले, तो आता केवळ पडद्यावरील छायेच्या रूपाने उरला आहे. आणि ती छाया तरी उरली, याचे श्रेय कुटुंबाने जपलेल्या डब्यांना व त्या वहीला द्यावे लागते.