जेम्स पार्किन्सन : रस्त्यावरची माणसं पाहून आजार ओळखणारे डॉक्टर

पार्किन्सन म्हटलं की थरथरणारे हात डोळ्यांसमोर येतात. पण हे मुळात एका डॉक्टरांचं आडनाव आहे.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनमधल्या हॉक्स्टन भागात झाला. वडील तिथेच डॉक्टरकी करायचे. जेम्स यांनीही तोच व्यवसाय पुढे चालवला.

पण ते फक्त दवाखान्यात रमणारे नव्हते. संसदेत सामान्यांनाही आवाज मिळावा म्हणून ते टोपणनावाने पत्रकं लिहायचे. १७९४ मध्ये राजाच्या हत्येच्या कथित कटाबाबत त्यांची प्रिव्ही कौन्सिलपुढे चौकशीही झाली. जीवाश्मांवर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला.

१८१७ मध्ये त्यांचा कंपवातावरचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात फक्त सहा जणांची नोंद होती. त्यातले दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते, तर एकाला त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. हात स्थिर ठेवला तरी होणारी थरथर, पुढे झुकलेलं शरीर, तोल जाऊन आपोआप वेग घेणारी पावलं आणि हळूहळू वाढत जाणारा त्रास, हे सगळं त्यांनी एकाच आजाराच्या धाग्यात ओवलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं का? नाही. बिघाड मानेजवळच्या मज्जारज्जूत असावा, असं त्यांना वाटलं. बुद्धीवर परिणाम होत नाही, असंही त्यांनी मांडलं. पण मृत्यूनंतर रुग्णांचं शवविच्छेदन करून खरं कारण शोधा, असं आवाहनही त्यांनी इतर डॉक्टरांना केलं.

२१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा या आजाराला त्यांचं नाव नव्हतं. ते नाव पुढे फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी रूढ केलं. स्नायूंचा ताठरपणाही त्यांनी अधोरेखित केला. मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आज तपासण्या कितीतरी वाढल्या आहेत. तरी निदानाची सुरुवात अजूनही पार्किन्सन यांच्याच पद्धतीने होते. डॉक्टर आधी रुग्णाची चाल, हालचालींचा मंदपणा, ताठरपणा आणि थरथर पाहतात. काही रुग्णांमध्ये थरथर नसतेही. म्हणूनच घरातलं कुणी अचानक हळू चालायला लागलं, तर ते वयामुळेच आहे असं गृहीत धरू नका.