संत जोसेफ वाझ : आज्ञापालनातून लाभलेली दुसरी संधी

जानेवारीच्या मध्यास सांकवाळ येथे संत जोसेफ वाझ यांचे फेस्त भक्तिभावाने साजरे होते. १६ जानेवारी हा त्यांचा मृत्युदिन. गोमंतकाच्या मातीत जन्मलेला हा धर्मगुरू श्रीलंकेचा प्रेषित म्हणून जगभर ओळखला जातो. त्यांचा कारावास, त्यांची रुग्णसेवा, त्यांची अनवाणी भटकंती यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. मात्र ज्या श्रीलंकेने त्यांना अमर केले, तिकडे जाण्याची त्यांची पहिली विनंती मान्य झाली नव्हती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्यांच्या जीवनाचे मर्म त्या नकारात दडलेले आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली या आजोळच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, तर आई मारिया द मिरांडा ही बाणावलीची. सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकल्यावर पुढील शिक्षणासाठी ते जुने गोवे येथे आले. जेझुइटांच्या संत पावल विद्यालयात आणि नंतर डोमिनिकनांच्या संत थॉमस अक्वायनस अकादमीत त्यांनी तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचे अध्ययन केले. १६७६ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. सुखवस्तू घरात वाढलेल्या या तरुणाने दीक्षेनंतर पायांतील वहाणा सोडल्या आणि गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचे व्रत घेतले.

त्याच सुमारास श्रीलंकेतील कॅथलिकांच्या विपन्नावस्थेची वार्ता त्यांच्या कानी आली. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले होते. कॅथलिक धर्मगुरूंना तेथून हद्दपार करण्यात आले, चर्च डचांच्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेली आणि धर्मगुरूंना आसरा देणे हा घोर अपराध ठरला. अनेकांनी भयापोटी बाह्यतः तरी नव्या पंथाचा स्वीकार केला. पापनिवेदन ऐकणारा, मिस्सा अर्पण करणारा कोणीही उरला नव्हता. हे ऐकून जोसेफ वाझ व्याकूळ झाले आणि त्यांनी श्रीलंकेला जाण्याची इच्छा वरिष्ठांपुढे मांडली.

१६८१ साली वरिष्ठांनी त्यांना पाठविले ते कानडा प्रांतात. तेथे पोर्तुगीज राजसत्तेचा धार्मिक अधिकार आणि रोमने थेट नेमलेल्या अधिकाऱ्यांची सत्ता यांच्यात तीव्र वाद पेटला होता. कोणाच्या हातून घेतलेला संस्कार वैध, या संभ्रमात सामान्य भाविक होरपळत होते. आपली हाक श्रीलंकेची आहे, अशी मनोमन खात्री असलेल्या माणसाला हे काम आडवाटेचे वाटले असते, तर नवल नव्हते. जोसेफ वाझ यांनी मात्र मिळालेली आज्ञा शिरोधार्य मानली. तीन वर्षे त्यांनी कुंदापूर, बसरूर, गंगोळीच्या परिसरात वणवण केली, मोडकळीस आलेली धर्मजीवनाची घडी बसवली आणि वादात कटुता वाढू न देता दोन्ही पक्षांचा आदर संपादन केला.

बायबलमध्ये योना संदेष्ट्याची कथा येते. निनवे नगरीस जाण्याची आज्ञा होताच तो उलट दिशेच्या गलबतात बसला. माशाच्या पोटातून सुटका झाल्यावर परमेश्वराने तीच आज्ञा त्याला दुसऱ्यांदा दिली. जोसेफ वाझ यांची कसोटी नेमकी उलट होती. योनाला जायचे नव्हते आणि त्याला जावे लागले. वाझ यांना जायचे होते आणि त्यांना थांबावे लागले. आपल्याला पवित्र वाटणारी इच्छादेखील ईश्वराच्या हाती सोपवणे, हे आज्ञापालनाचे अधिक कठीण रूप होय.

१६८४ मध्ये ते गोव्यात परतले. त्या काळी युरोपीय धर्मसंघांत एतद्देशीय धर्मगुरूंना प्रवेश नव्हता. जुने गोवे येथील चमत्कारी क्रुसाच्या चर्चपाशी काही गोमंतकीय धर्मगुरू संघजीवन जगू पाहत होते. जोसेफ वाझ त्यांना येऊन मिळाले. २५ सप्टेंबर १६८५ रोजी संत फिलिप नेरी यांच्या आदर्शावर या ऑरेटरी संघाची उभारणी झाली आणि त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. श्रीलंकेचा ध्यास अजून मावळला नव्हता. या वेळी मात्र अनुमती मिळाली. १६८६ साली प्रमुखपद सोडून, जुवांव नावाच्या तरुण सेवकासह ते गोव्याबाहेर पडले. पहिल्या विनंतीच्या वेळी ते एकटे होते, आता त्यांच्या पाठीशी अख्खा संघ उभा होता. प्रतीक्षेची ती वर्षे वाया गेली नव्हती.

१६८७ मध्ये भिक्षेकऱ्याच्या वेषात ते जाफन्यास पोहोचले. येताच अतिसाराने त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. जपमाळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख उमटे, तो कॅथलिक असल्याची खूण पटे. मग रात्रीच्या अंधारात बंद दारांआड पापनिवेदन आणि मिस्सा होऊ लागली. भयाने श्रद्धा झाकून ठेवलेल्या या माणसांना त्यांनी दोषी ठरवले नाही. प्रभू येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला जशी पुन्हा संधी लाभली, तशी ती यांनाही लाभली. स्वतः दुसऱ्या संधीची वाट पाहिलेला धर्मगुरू आता इतरांना ती देत होता.

डचांचा ससेमिरा वाढला, तेव्हा ते पुत्तलमच्या बाजूने स्वतंत्र कँडी राज्याकडे वळले. १६९२ मध्ये कँडीत पोहोचताच पोर्तुगिजांचा हेर ठरवून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा आत्मसात केली. पुढे राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा विश्वास त्यांनी जिंकला आणि त्यांना धर्मकार्याची मोकळीक मिळाली. परंपरा सांगते की, दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडल्याने राजाचे मन वळले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. आप्तस्वकीयांनी टाकून दिलेल्या रुग्णांची त्यांनी धर्मभेद न पाहता शुश्रूषा केली, मृतांचे दफन केले.

गोव्याच्या ऑरेटरीतून त्यांच्या मदतीला सहकारी येऊ लागले. १७०५ मध्ये आलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस पुढे सिंहली व तमिळ ख्रिस्ती साहित्याचे थोर निर्माते ठरले. वाझ यांना बिशपपद देण्याचा विचार झाला, तो त्यांनी नम्रपणे दूर सारला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे देहावसान झाले. गोव्याचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. ज्या बेटावर त्यांना लपतछपत उतरावे लागले, तेथेच लाखोंच्या साक्षीने त्यांच्या नावाचा जयघोष झाला. सांकवाळच्या फेस्ताला येणारे अनेक जण मनात एखादी अपुरी राहिलेली मागणी घेऊन येतात. १६८१ साली या संताची मागणीही अपुरीच राहिली होती. तरीही कानडा प्रांतात दिलेले काम त्यांनी मन लावून केले.