लोकांची बोलणी आणि अण्णा कर्वे
(इयत्ता ४ थी)

पुण्यात कर्वे रोड आहे आणि कर्वेनगर आहे. तो रस्ता आपण पाहिलेला असतो. पण ज्यांचं नाव त्याला दिलंय, त्यांना लोक किती वाईट बोलले ते सगळ्यांना माहीत नसतं. म्हणून मी हे लिहीत आहे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. शेरवली हे त्यांचं आजोळ. त्यांचं गाव मुरूड, तालुका दापोली. घरची गरिबी होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा फार लाजाळू होते. चारचौघांत त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे. या लाजण्यामुळे आपलं नुकसान झालं, असं त्यांनी मोठेपणी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे.

१८७५ साली ते एका परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. तेव्हा एसटी नव्हती. पाठीवर ओझं घेऊन, पावसात, घाट चढून ते शंभर मैलांहून जास्त चालत गेले. त्या परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. वय तर भरलेलं होतं! अंगानं लहान होते एवढंच. एवढं चालणं सगळं फुकट गेलं.

आपल्याला कुणी नुसतं ढ म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी आपण हात वर करत नाही. येत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातच राहतं. मग आपल्यालाच वाटायला लागतं की आपण खरंच ढ आहोत. अण्णांनाही वाईट वाटलंच असेल. पण पुढच्या वर्षी ते कोल्हापूरला गेले आणि तीच परीक्षा पास झाले. नंतर मुंबईला शिकून १८८४ साली बी.ए. झाले. १८९१ सालापासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांची बायको राधाबाई वारल्या. त्या काळी नवरा मेला की बाईचे केस काढत. तिला परत लग्न करू देत नसत. तसा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण लोक कायद्याला जुमानत नव्हते. अण्णांनी ठरवलं की लग्न करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. आणि काय सांगावं, मुरूडच्या लोकांनी सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं! त्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असं ठरलं. मला हे लई वाईट वाटलं. स्वतःला बोललेलं माणूस सोसतं, पण आपल्या पायी आईला त्रास म्हणजे काय! अण्णा मात्र कुणाशी भांडत बसले नाहीत.

१८९६ साली त्यांनी विधवा मुलींसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. त्यात एक झोपडी बांधली. तिथं तेव्हा नुसतं माळरान होतं. अण्णा कॉलेजात शिकवून पायी हिंगण्याला जात. पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर चिखल असे. आश्रमाला पैसे हवेत म्हणून ते दारोदार वर्गणी मागत. जे चारचौघांत बोलायला लाजत, तेच अनोळखी माणसाच्या दारात उभे राहत. मला तर हे चालत साताऱ्याला जाण्यापेक्षाही अवघड वाटतं. त्याच हिंगण्याला आज कर्वेनगर म्हणतात.

१९१६ साली त्यांनी बायकांचं विद्यापीठ सुरू केलं. पहिल्यांदा तिथं फक्त पाच मुली होत्या. आज ते मुंबईत आहे आणि तिथं हजारो मुली शिकतात.

१९३६ साली अण्णा ७८ वर्षांचे होते. तेव्हा जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळा सगळ्या गावांत नव्हत्या. जिथं शाळाच नाही अशा खेड्यांत शाळा काढायला त्यांनी एक मंडळ स्थापन केलं आणि पुन्हा वर्गणी मागायला निघाले.

१९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते वारले. तेव्हा त्यांचं वय १०४ होतं.