गुनपेई योकोई: स्वस्त पार्टमधून गेम बॉय घडवणारा इंजिनिअर

आजची गोष्ट एका जपानी इंजिनिअरची आहे, पण सुरुवात माझ्या फसलेल्या एक्सेल शीटने करतो.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या रूममेटने ठरवलं की हातात धरून खेळायचे गेमिंग डिव्हाइस बनवायचे. फार नाही, फक्त १०० नग. मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे कोडची भीती नव्हती. कलर स्क्रीन, चार्ज होणारी बॅटरी, छान प्लास्टिकची बॉडी असं सगळं ठरलं आणि मग हिशोब मांडला.

एका नगाचे पार्ट २,६०० रुपये. बॉडीच्या साच्याचं कोटेशन २ लाख ४० हजार, म्हणजे १०० नगांत वाटलं तर प्रत्येकी २,४००. खोका आणि कुरिअर २५०. झाले ५,२५०. त्यात १०० पैकी ८ नग खराब निघतील असं धरलं, तर उरलेल्या ९२ नगांवर खर्च येतो प्रत्येकी साधारण ५,७००. आणि ओळखीतल्या पोरांना विचारलं तेव्हा ४,००० च्या वर कोणी जायला तयार नव्हतं.

म्हणजे प्रत्येक नगामागे १,७०० रुपयांचा तोटा, आणि आमची मेहनत फुकट. प्रोजेक्ट तिथेच थांबला. त्यानंतर इतर लोक हे कसं जमवतात ते शोधताना मला गुनपेई योकोई सापडले. गेम बॉय हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो ज्यांच्या देखरेखीखाली बनला, ते हे गृहस्थ.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योतो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ साली निंटेंडोत नोकरीला लागले. तेव्हाची निंटेंडो म्हणजे हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापणारी कंपनी. योकोईंचं काम होतं पत्ते बनवणारी मशीन चालू ठेवणं. आजच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स.

मशीन नीट चालली की मेंटेनन्सवाल्याला काम नसतं. त्या रिकाम्या वेळात योकोईंनी एक खेळणं बनवलं: कात्रीसारख्या पट्ट्या एकमेकींना जोडलेला लांबणारा हात. मूठ दाबली की हात पुढे जातो आणि समोरची वस्तू पकडतो. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. आपल्याकडे अशा वेळी बोलणी बसली असती. यामाउचींनी मात्र ते विकायला काढायला सांगितलं.

१९६६ साली ते अल्ट्रा हँड या नावाने बाजारात आलं आणि १२ लाखांच्या आसपास विकलं गेलं. त्यात ना मोटर होती, ना सर्किट. एकसारख्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या खिळ्या, बस. एकच आकार पुन्हा पुन्हा वापरला की साचे कमी लागतात आणि खराब माल कमी निघतो. हे मला माझी शीट फसल्यावर कळलं.

फक्त डावीकडे वळणारी गाडी

यानंतर योकोई खेळणी बनवण्याच्या कामालाच लागले. १९६९ मध्ये त्यांचं लव्ह टेस्टर आलं. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत एकेक धातूचा गोळा घ्यायचा, की काटा हलून प्रेम किती ते दाखवतो. आत शरीरातून जाणारा बारीकसा करंट मोजणारं मीटर होतं, जे कुठल्याही इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पडलेलं असतं. पार्ट जुनाच, उपयोग नवा.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं उदाहरण म्हणजे लेफ्टी आरएक्स ही रिमोटची गाडी. त्या काळात रिमोट कंट्रोलच्या गाड्या फार महाग असायच्या, कारण पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हालचालीसाठी वेगळा सिग्नल आणि वेगळी सर्किट लागायची. योकोईंनी विचार केला की गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर गाडीला एकाच बाजूला वळता आलं तरी पुरे. मग त्यांनी फक्त सरळ जाणारी आणि डावीकडे वळणारी गाडी काढली. सिग्नल एकच लागला आणि किंमत पुष्कळ खाली आली.

इथे नीट बघा. त्यांनी हलका पार्ट वापरून पैसे वाचवले नाहीत. खेळायला जे लागत नाही तेच काढून टाकलं. पोरांना शर्यत हवी होती आणि शर्यत पूर्ण मिळाली.

कॅल्क्युलेटरच्या भांडणाचा फायदा

१९७० च्या दशकात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून जोरदार स्पर्धा चालली होती. दोघांनी किमती इतक्या खाली आणल्या की एलसीडी स्क्रीन आणि छोट्या चिप स्वस्तात मिळायला लागल्या. त्याच सुमारास योकोईंनी बुलेट ट्रेनमध्ये एक माणूस वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहिला, असं सांगितलं जातं. त्यांना वाटलं, मोठ्या माणसाला चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असं काहीतरी छोटं असायला हवं.

एके दिवशी यामाउचींचा ड्रायव्हर आला नाही आणि त्यांची गाडी चालवायची वेळ योकोईंवर आली. त्या प्रवासात त्यांनी ही कल्पना सांगून टाकली. यामाउचींनी ती शार्पच्या प्रमुखांच्या कानावर घातली आणि काम सुरू झालं.

२८ एप्रिल १९८० ला पहिला गेम अँड वॉच बाजारात आला. नाव बॉल, किंमत ५,८०० येन. आपल्या जत्रेत मिळणारा ब्रिक गेम आठवतो का? त्याच जातीची स्क्रीन. चित्रं काचेत आधीच घडवलेली असतात आणि चिप फक्त कुठलं दाखवायचं आणि कुठलं लपवायचं ते ठरवते. त्यामुळे कॅल्क्युलेटरच्या दर्जाची ४ बिटची चिप पुरली.

आता खर्चाची मेख बघा. नवा गेम काढायचा म्हणजे काच आणि चिपमधला प्रोग्राम बदलायचा. बॉडीचा आकार मात्र एका मालिकेतल्या गेमना तोच राहायचा. माझ्या २ लाख ४० हजारांच्या साच्यावर हा हिशोब लावून बघा: १०० नगांवर प्रत्येकी २,४००, १,००० नगांवर २४० आणि १ लाख नगांवर फक्त २ रुपये ४० पैसे. एकाच बॉडीतून अनेक गेम काढले की साच्याचा खर्च विरघळून जातो. ११ वर्षांत या मालिकेचे सुमारे ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८२ च्या डाँकी काँगमध्ये आणखी एक अडचण आली. घडी करून खिशात ठेवायच्या यंत्रावर उंच जॉयस्टिक कशी बसवणार? योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराचं एकच चपटं बटण केलं, जे चार दिशांना कलतं आणि खालचे संपर्क दाबतं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक गेम कंट्रोलरवर ते दिसतं.

गेम बॉय: चार छटांची स्क्रीन

२१ एप्रिल १९८९. जपानमध्ये १२,५०० येनला गेम बॉय आला. कागदावर तो तेव्हाही मागासलेला होता. ८ बिटचा प्रोसेसर, १६० बाय १४४ ची हिरवट स्क्रीन, चारच छटा, आणि मागे लाइट नाही. हे काम एकट्या योकोईंचं नव्हतं. इंजिनिअरिंगची बाजू सातोरु ओकादा यांनी सांभाळली आणि यंत्र अधिक ताकदवान असावं हा आग्रहही त्यांचाच होता. विभागाचे प्रमुख मात्र योकोई होते आणि कमी खर्चाची दिशा त्यांची होती.

त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला. रंगीत स्क्रीन, मागे लाइट, किंमत १८० डॉलरच्या आसपास. गेम बॉय तिथे ९० डॉलरला होता, म्हणजे निम्म्यात.

किंमत दुकानात संपत नाही. लिंक्सला ६ पेन्सिल सेल लागायचे आणि ते ४-५ तासांत संपायचे. गेम बॉयला ४ सेल लागायचे आणि ते १० तासांहून जास्त चालायचे. २० तास खेळायचं तर लिंक्सला २४ ते ३० सेल, गेम बॉयला ८ किंवा त्याहूनही कमी. शाळेतल्या पोराच्या पॉकेटमनीत काय बसेल ते तुम्हीच सांगा. १९९० साली सेगाचा रंगीत गेम गिअर आला, त्यालाही ६ सेल लागायचे. गेम गिअर १ कोटीच्या आसपास विकला गेला. गेम बॉय आणि त्याचा पुढचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या पुढे गेले.

नवं, महाग तंत्रज्ञान आणण्यापेक्षा पिकलेलं, भरपूर बनणारं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधायचा, अशी योकोईंची पद्धत होती. जुन्या पार्टचे दोष सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे खराब नग कमी निघतात. तो पार्ट बनवणारे अनेक असतात, त्यामुळे भाव पडतो. नफ्याची जागा तिथे तयार होते.

लाल रंगाचा धडा

ही पद्धत कायम जिंकली असं मात्र नाही. १९९५ मध्ये योकोईंचा व्हर्च्युअल बॉय आला. टेबलावर ठेवायचा, डोळे लावायचे आणि खोली असलेलं चित्र बघायचं. इथेही खर्च वाचवण्यासाठी त्यांनी फक्त लाल एलईडी वापरले, कारण ते सगळ्यात स्वस्त होते आणि वीज कमी खायचे. तरीही किंमत १५,००० येन झाली. काळ्यावर लाल चित्र बघून लोकांचं डोकं आणि डोळे दुखायला लागले. मधूनमधून थांबायची आठवण करून देणारी सोय यंत्रातच द्यावी लागली. जपानमध्ये ते वर्ष संपायच्या आत तो बंद झाला आणि जगभरात मिळून ८ लाखही खपला नाही.

लेफ्टी गाडीतून उजवं वळण काढलं तरी शर्यत उरली होती. इथे रंग काढला तेव्हा मजाच कमी झाली. काय काढायचं हे ओळखण्यात तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही चुकू शकतो, हे वाचून मला खरं सांगायचं तर धीर आला.

शेवटचं यंत्र

१९९६ मध्ये दोनच छोट्या सेलवर चालणारा, सडपातळ गेम बॉय पॉकेट बाजारात आणून योकोईंनी त्याच ऑगस्टमध्ये निंटेंडो सोडली. ३१ वर्षांची नोकरी. व्हर्च्युअल बॉयमुळे त्यांना जावं लागलं असं लोक आजही म्हणतात. त्यांनी स्वतः हे नाकारलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी क्योतोमध्ये कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बंडाई कंपनीसाठी नव्या हँडहेल्डचं काम हाती घेतलं.

४ ऑक्टोबर १९९७ ला ते होकुरिकू एक्स्प्रेसवेवरून जात असताना त्यांच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय फक्त ५६.

त्यांचं यंत्र मार्च १९९९ मध्ये वंडरस्वान नावाने आलं. पुन्हा काळी-पांढरी स्क्रीन, किंमत फक्त ४,८०० येन. त्यात एकच पेन्सिल सेल लागायचा आणि तो ३० तासांच्या आसपास चालायचा. सोबत आलेल्या एका कोड्याच्या गेमला त्यांचं नाव दिलं होतं: गुनपे.

आमची दुसरी शीट

हे सगळं वाचून झाल्यावर मी आणि रूममेटने पुन्हा हिशोब मांडला. यावेळी आधी एक प्रश्न विचारला: आमच्या गेमला खरंच काय लागतं? गेम कोड्याचा होता. त्याला रंग लागत नव्हता.

कलर स्क्रीन काढून बाजारात ढिगाने मिळणारी छोटी एकरंगी स्क्रीन घेतली. चार्जिंगची सर्किट काढून दोन पेन्सिल सेल घातले. साचा रद्द केला आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्लास्टिकचा डबा १८० रुपयांना घेतला. पार्ट १,१००, डबा १८०, खोका आणि कुरिअर २५०, एकूण १,५३०. स्क्रीन आणि चिप जुन्या, तपासलेल्या असल्याने १०० पैकी ५ खराब धरले, तर एका चांगल्या नगाचा खर्च सुमारे १,६१०. विक्री १,९९९ ला. म्हणजे नगामागे ३८९ रुपये, साधारण १९ टक्के.

९५ नगांचे होतात ३७ हजारांच्या आसपास, दोघांत वाटून. रविवारी सोल्डरिंग करत घालवलेले तास धरले तर ही कमाई काहीच नाही. पण पहिल्या शीटमध्ये आम्ही दीड लाखाच्या वर घालवणार होतो.

तुम्हीही असं काही बनवायच्या विचारात असाल तर पार्टची यादी करताना प्रत्येक ओळीसमोर एक रकाना ठेवा: हे काढलं तर खेळ उरतो का? उत्तर हो असेल तर तो पार्ट काढा. उत्तर नाही असेल तर तिथे पैसे वाचवू नका, व्हर्च्युअल बॉय आठवा. आमचे पहिले १० नग बनून झालेत आणि त्यातले २ बंद पडलेत. ५ टक्क्यांचा अंदाज आता बदलावा लागणार.