तुमच्या जुन्या बाईकचं कार्बोरेटर ज्याच्या डोक्यातून आलं, तो अनाथाश्रमातला पोरगा

मोहर्लीवरून चंद्रपूरला येताना आगरझरीजवळ गाडी बंद पडली, की पहिला विचार पेट्रोलचा येत नाही. वाघाचा येतो.

माझ्या सेकंडहँड बाईकने मागच्या उन्हाळ्यात हेच केलं. चोक ओढला, किका मारल्या, कॉक रिझर्व्हवर केला, टाकी हलवून पाहिली. पेट्रोल होतं. गाडी एकदा फुरफुरली आणि गप्प झाली. शेवटी एका पिकअपवाल्याने गाडीसकट मिस्त्रीकडे सोडलं.

मिस्त्रीने कार्बोरेटरची खालची वाटी खोलली. आत चिकट पिवळा थर, तळाला पाण्याचे थेंब आणि टाकीतला गंज. जेटचं केसाएवढं भोक पार बुजलेलं. त्यात तार खुपसायची नाही, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते, हे त्याच्याकडूनच कळलं. क्लीनर मारला, हवा मारली, वीस मिनिटांत गाडी चालू.

त्या वाटीत तरंगणारा फ्लोट आणि मधला जेट, ही जोडी गाड्यांत आणली विल्हेल्म मायबाखने. हो, ज्याच्या नावाने करोडोंच्या गाड्या विकल्या जातात तोच मायबाख.

त्याचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 चा, जर्मनीतला. बाप सुतार. आई लवकर गेली, दहाव्या वर्षी बापही गेला. पोराला रॉयटलिंगेन गावच्या अनाथाश्रमात ठेवलं. हा आश्रम स्वतःचा कारखाना चालवायचा, तिथे विल्हेल्म ड्रॉइंग काढायला शिकला. 1863 च्या शेवटी तो कारखाना सांभाळायला एक इंजिनिअर आला, गॉटलीब डाइमलर. त्याने पोराचा हात ओळखला, आणि पुढची पस्तीसेक वर्षं डाइमलर जिथे, मायबाख तिथे.

1872 ला दोघं निकोलाउस ऑटोच्या डॉइट्झ कंपनीत गेले. 1876 ला ऑटोचं फोर स्ट्रोक इंजिन आलं. तुमच्या बाईकचं इंजिन आजही त्याच चार टप्प्यांवर चालतं. पण ते इंजिन अवजड होतं, आणि या दोघांना हलकं, वेगाने फिरणारं, गाडीत बसेल असं इंजिन हवं होतं. 1882 ला नोकरी सोडून ते कानस्टाटला डाइमलरच्या बंगल्यामागच्या काचघरात खुटखुट करत बसले. माळ्याला वाटलं इथे खोटी नाणी पाडतात. पोलीस आले, तर आत नुसती इंजिनं.

1885 ला त्यांनी एका लाकडी सांगाड्यात 264 सीसीचं इंजिन बसवलं. ताकद अर्धा हॉर्सपॉवर. पेट्रोल इंजिनवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल म्हणून ती ओळखली जाते. डाइमलरचा मुलगा पॉल तिच्यावर बसून निघाला. सीटखालचं इंजिन इतकं तापायचं की वाटेत सीटनेच पेट घेतला, असं सांगतात.

खरी अडचण पेट्रोलची होती. तेव्हा भांड्यातल्या पेट्रोलवरून हवा नेऊन तिच्यासोबत वाफ ओढायचे. थंडी पडली की वाफ कमी. शिवाय पेट्रोलचा हलका भाग आधी उडायचा आणि जड भाग तळाला राहायचा. म्हणजे त्याच भांड्यावर सकाळी इंजिन नीट चालायचं आणि दुपारी मिसिंग मारायचं.

1890 ला डाइमलर कंपनी झाली, पण संचालकांच्या अटी मायबाखला पटल्या नाहीत. वर्षभरात तो बाहेर पडला. डाइमलरने गुपचूप पैसा पुरवला आणि कानस्टाटमधल्या एका बंद हॉटेलच्या हॉलमध्ये काम सुरू झालं. 1893 ला तिथूनच हे कार्बोरेटर आलं. वाफेची वाट बघायचीच नाही, इंजिन हवा ओढतं त्या ओढीनेच बारीक भोकातून पेट्रोलचा फवारा उडवायचा. फवारा सारखा हवा तर पेट्रोलची पातळी सारखी हवी, म्हणून फ्लोट. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येऊन सुई दाबतो, वाट बंद. तुमच्या गाडीचं कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतं तेव्हा बहुतेक वेळा ही सुईच घासलेली असते, नाहीतर तिच्याखाली कचरा अडकलेला असतो.

सगळं श्रेय एकट्या मायबाखला देणं मात्र चूक ठरेल. त्याच वर्षी, काही महिने आधी, हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने फवाऱ्याच्याच कार्बोरेटरचं पेटंट मागितलं होतं.

1895 ला कंपनीने त्याला परत बोलावलं. 1900 ला डाइमलर गेला. त्यानंतर मायबाखने 35 हॉर्सपॉवरची गाडी बनवली, तिला एका ग्राहकाच्या, एमिल येलिनेकच्या, मुलीचं नाव मिळालं, मर्सिडीज. गाडी गाजली आणि बनवणारा हळूहळू बाजूला पडला. 1907 ला त्याने कंपनी कायमची सोडली. साठी उलटल्यावर मुलगा कार्लसोबत त्याने झेपलिन वायुजहाजांसाठी इंजिनांचा कारखाना उभा केला. मायबाख नावाच्या गाड्या तिथूनच निघाल्या.

29 डिसेंबर 1929 ला तो गेला. कानस्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथेच मायबाखचीही कबर आहे.

आपल्याकडे एप्रिल 2020 ला बीएस 6 आलं आणि नव्या बाईकमधून कार्बोरेटर जवळपास गेलं, फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधीची गाडी घेतली असेल तर मायबाखचा फ्लोट तुमच्याकडे आहे. इथेनॉलवालं पेट्रोल ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि वाटीखालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून टाका. मी आता काढतो.