गायनाचार्य विष्णू दिगंबर पलुसकर आणि आपले गुरुवारचे भजन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात आपण दरवर्षी गुरुपरंपरेतल्या थोर पुरुषांची चरित्रे वाचतो. श्रीपाद श्रीवल्लभ झाले, नृसिंह सरस्वती झाले, टेंबे स्वामी झाले. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते यती नव्हते, त्यांची गादी नाही की मठ नाही. ते गवई होते. पण त्यांच्या आयुष्यात औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गिरनार ही तिन्ही दत्तस्थाने अशी काही येतात की दत्तभक्ताने ते चरित्र एकदा तरी वाचावे असे मला मनापासून वाटते. त्यांचे नाव गायनाचार्य पंडित विष्णू दिगंबर पलुसकर.

लिहिण्याचे निमित्त मात्र घरचेच आहे. आमची भजनी मंडळी शहादा तालुक्यातली, तापीकाठची. पंधरा-सोळा माणसे. दर गुरुवारी आरती झाली की सतरंजी पसरायची, पेटी काढायची, टाळ वाटायचे आणि दीड-दोन तास म्हणायचे. वर्षातून एकदा गुरुचरित्राचे पारायण, शेवटच्या दिवशी वरण-बट्टीचा भंडारा, आणि कोणी बाहेरगावचा गाणारा भेटला तर त्याची बैठक. एवढाच आमचा व्याप. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा मोठी, तिथे घोड्यांच्या बाजाराला देशभरातून माणसे येतात. त्यापुढे आमची बैठक म्हणजे समईपुढे काजवा. यंदा वर्गणीच्या सभेत तरुण पोरांनी विषय काढला की जयंतीला साऊंड लावू, ऑर्केस्ट्रा आणू, भजनाला आता कोण बसतं? बोलणं तोडून टाकण्यासारखं नव्हतं. खरंच बसणारे कमी झाले आहेत. त्या सभेत मी विष्णुबुवांची गोष्ट सांगितली, तीच इथे जरा सविस्तर लिहितो.

यांचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. सांगलीकडचा हा भाग म्हणजे आपल्या औदुंबरचाच परिसर. ज्या औदुंबरी नृसिंह सरस्वतींनी चातुर्मास केला ते क्षेत्र आज पलूस तालुक्यातच येते. विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. म्हणजे घरात टाळ, झांज, अभंग, आख्यान हे सगळे पाळण्यापासून कानावर. कुरुंदवाडहून वाडी अगदी जवळ, मध्ये नदी तेवढी. वाडीची पालखी, पालखीपुढची पदे, औदुंबराखालचा गजर हे त्या मुलाचे रोजचे जग होते.

आणि तिथेच घात झाला. लहानपणी वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालू असताना फटाका तोंडाजवळ उडाला आणि विष्णूचे डोळे अधू झाले. शाळा सुटली. शिक्षणाच्या जोरावर चार पैसे मिळवण्याची वाट बंद झाली.

आपल्याकडे हा प्रसंग सांगताना लगेच म्हणतात की ही दत्तमहाराजांचीच योजना, डोळे घेतले आणि सूर दिला. मला हे इतक्या सहज म्हणवत नाही. पुढे काय होणार हे आज आपल्याला माहीत आहे म्हणून आपण म्हणतो. त्या दिवशी ज्या आईच्या पदरात डोळे पोळलेले पोर आणून ठेवले असेल, तिला जाऊन कोणी योजना म्हणून दाखवावे. कृपा झाली असेल तर ती फटाक्यात नव्हती; नंतर जी माणसे भेटली त्यांच्यात होती. आमच्या देवळातही जन्मकाळी गाभाऱ्यासमोर फटाक्यांची माळ लावायची पद्धत होती. हे चरित्र मंडळीत वाचले गेले त्यानंतरच्या जयंतीपासून माळ नदीकडच्या मोकळ्या जागेत लागते आणि लहान मुले तोवर सभामंडपात पाळण्याजवळ बसतात. कोणी ठराव वगैरे केला नाही. आपोआप झाले.

डोळ्यांच्या उपचारासाठी मुलाला मिरजेला आणले. तिथे डॉक्टर भडभडे यांनी तपासले. नजर पूर्ववत होणे नव्हते, पण गळा चांगला होता, घरात कीर्तनाचे संस्कार होते. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय मिळाला आणि विष्णू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. हे बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर पुरुष. त्या काळी विद्या म्हणजे सेवा. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे. अशी साधारण बारा वर्षे गेली. वाडीला नृसिंह सरस्वतींचे वास्तव्यही बारा वर्षांचेच. आपल्यासारख्या भाविकांचे मन असे जुळवून पाहतेच.

मिरजेतली एक हकिगत सांगतात. गावात काही समारंभ होता. मोठमोठ्या मंडळींना बोलावणे होते. राजाश्रय असल्यामुळे शिष्याला बोलावणे आले, पण गुरूला नाही, कारण गुरू म्हणजे शेवटी गवई. गाणे ऐकायला सगळ्यांना हवे, पण गाणाऱ्याला पंगतीत पाट नको! ही गोष्ट विष्णुबुवांना फार लागली. मला वाटते, पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ इथे आहे. गाणे त्यांच्याकडे आलेच होते. त्यांना त्याची इभ्रत हवी होती.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदा असे फिरत निघाले. बडोद्यात ओळख नव्हती तेव्हा ते देवळात उतरले आणि तिथेच गात राहिले, ऐकणारे वाढले, आणि मग राजवाड्यातून बोलावणे आले असे सांगतात. हा क्रम मला फार आवडतो. आधी देऊळ, मग राजवाडा. पुढे काठेवाडात राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण त्या दिवसांत गाणे राजाच्या दिवाणखान्यात, सरदाराच्या माडीवर किंवा नायकिणीच्या कोठीवर. साध्या दुकानदाराने, मास्तराने, कारकुनाने चार आणे देऊन समोर ताठ बसून ऐकावे ही कल्पनाच नवी होती.

तिथून ते गिरनारला गेले. आपल्यातले कितीतरी जण नंदुरबारहून सुरतमार्गे गिरनारची वारी करतात, दहा हजार पायऱ्या चढून पादुकांवर डोके ठेवतात. विष्णुबुवांना त्या गिरनारवर एक साधू भेटला आणि त्याने उत्तरेकडे जा, तिकडे तुझे काम आहे असे सुचवले, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. तो साधू कोण, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. एवढे खरे की त्यानंतर हा अधू डोळ्यांचा तरुण ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करीत थेट पंजाबात गेला आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्याने गांधर्व महाविद्यालय काढले.

लाहोर कुठे आणि कुरुंदवाड कुठे! भाषा वेगळी, जेवण वेगळे, ओळखीचे कोणी नाही. सुरुवातीला शिकायला कोणी फिरकेना. तेव्हा बुवा ठरलेल्या वेळी तंबोरा घेऊन रिकाम्या वर्गात बसत आणि वेळ संपेपर्यंत स्वतःच रियाज करीत, असे सांगतात. गुरुवारी आमच्या बैठकीला चारच टाळकरी आले की मला हेच आठवते. चार तर चार. वेळेला बसायचे.

त्या शाळेत काय वेगळे होते? पहिले म्हणजे ती राजाच्या पैशावर नव्हती. लोकांच्या वर्गणीवर आणि बुवांच्या जलशांच्या पैशावर चाले. दुसरे, इथे जात आणि घराणे पाहून शिकवत नव्हते, फी भरणारा कोणीही यावा. घरंदाज बायका-मुलींनाही इथे शिकता येऊ लागले. तिसरे म्हणजे उपदेशक वर्ग. गरीब पण होतकरू मुलांना राहणे-जेवण देऊन वर्षानुवर्षे शिकवायचे आणि मग त्यांनी गावोगाव जाऊन शिकवायचे. जुनी गुरुकुलाची रीत आणि नवी शाळा यांची ही सांगड होती. संध्याकाळची प्रार्थना, भजन, शिस्त सगळे त्यात आले.

आणि चौथे, स्वरलिपी. गाणे कागदावर उतरवण्याची पद्धत त्यांनी बसवली, पुस्तके छापली, संगीतामृतप्रवाह नावाचे मासिक काढले. जुन्या उस्तादांना हे पटले नाही. गळ्यातला मींड, आंदोलन कागदावर कसे यायचे? त्यांचेही खरे आहे. पुस्तक वाचून कोणी गवई होत नाही. शिवाय विष्णुबुवांची लिपी खुणांच्या दृष्टीने जरा किचकट, त्यामुळे पुढे भातखंडे यांची सोपी लिपी जास्त चालली. पण आपल्यासारख्या लहान गावातल्या मंडळीचा विचार करा. चांगला जाणता म्हातारा गेला की त्याच्या चाली त्याच्याबरोबर जातात. आमच्याकडे असे दोनदा झाले. वहीत शब्द आहेत, चाल कोणालाच येत नाही. ती चाल त्या वेळी कोणी सा-रे-ग-मध्ये लिहून ठेवली असती तर आज मुले ती म्हणत असती.

बुवांनी आणखी एक केले, त्यावर मात्र मतभेद आहेत. जुन्या बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. काही रसिकांना वाटते यात बंदिशीचा जुना गोडवा गेला. असेलही. पण ज्या घरात मुलीने तोंड उघडून गाणे म्हणजे पाप समजत, त्या घराचा दरवाजा याच भक्तीच्या शब्दांनी उघडला.

१९०८ साली त्यांनी मुंबईत महाविद्यालय काढले. पुढे सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत झाली, तीही कर्ज काढून. बुवा जलसे करून हप्ते फेडत. पण मनाचा ओढा आता रामनामाकडे वळला होता. अंगावर भगवे आले, तुलसीदासांच्या रामायणावर गात गात प्रवचने सुरू झाली, १९२२ साली नाशिकला रामनाम आधार आश्रम उभा राहिला. इकडे कर्ज थकले आणि १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत सावकारांकडे गेली. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. इथे मी व्यवहारी गृहस्थ म्हणून सांगतो, एवढे कर्ज अंगावर घ्यायला नको होते असे वाटल्यावाचून राहत नाही. पण गंमत अशी की इमारत गेली तरी विद्यालय गेले नाही. ते तोवर शिष्यांच्या गळ्यात जाऊन बसले होते.

शिष्य तरी कसे! विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर मास्तर, आणि आपल्या नर्मदामाईच्या काठी भडोचला वाढलेले ओंकारनाथ ठाकूर. काँग्रेसच्या अधिवेशनांत बुवा वंदे मातरम् गात. १९२३ साली काकिनाड्याला अध्यक्षांनीच हरकत घेतली तरी त्यांनी गाणे पुरे केले. गांधीजींच्या प्रार्थनेतली रामधून घरोघर ज्या चालीत म्हणतात ती चालही त्यांचीच मानतात.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचा देह ठेवला गेला. जिथे डोळ्यांच्या इलाजासाठी आले होते त्याच गावी. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज शहाद्या-नंदुरबारची मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या.

संसारात मात्र दुःखच फार. बरीच मुले झाली आणि गेली. एकच मुलगा राहिला. आजोबांचे नाव दिगंबर होते, या नातवाचे नाव दत्तात्रेय ठेवले. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकवले, आणि तोच पुढे पंडित द. वि. पलुसकर म्हणून भजनांसाठी घरोघर पोचला. तोही १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

औंधची गोष्ट सांगायची राहिली. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य अंतुबुवा जोशी. त्यांनी १९४० साली आपले सद्गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधच्या दत्तमंदिरात अश्विन वद्य पंचमीला गाण्याची सेवा सुरू केली. लहानशा गावातले लहानसे देऊळ, पण देशातले मोठमोठे गायक तिथे हजेरी लावून गेले आणि तो उत्सव अजून चालू आहे.

हे सगळे सांगून झाल्यावर सभेत वाद पूर्ण मिटला असे नाही. पोरांनी पालखीपुढे ढोल-ताशा मागितला, तो मान्य झाला. ऑर्केस्ट्र्याचे पैसे मात्र एक तंबोरा आणि मुलांना शिकवायला येणाऱ्या बाईंच्या मानधनासाठी काढून ठेवले आहेत. सात मुली आणि चार मुलगे सध्या दर रविवारी सकाळी देवळात शिकायला येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी जन्म झाला, पाळणा म्हटला, सुंठवडा वाटून झाला की ती मुले गाणार आहेत. साऊंड नाही, त्यामुळे जरा पुढे सरकून बसावे लागेल.